एसीएल ऑपरेशननंतर गुडघा पुढे किती वर्ष कसा चालेल, हे कशाकशावर ठरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेलं, नडगीचं हाड पुढे सरकू न देणारं आणि वळताना गुडघा सांभाळणारं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. ते तुटल्यावर नवीन बसवायचं ऑपरेशन झालं की टाके कधी निघणार, कुबड्या कधी सुटणार हे सगळे सांगतात. पण एक वर्षाने, पाच वर्षांनी, वीस वर्षांनी गुडघा कसा असेल आणि ते कशावर अवलंबून आहे, यावर नीट कोणी बोलत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे हे पेशंट सतत येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळे इथे एकत्र लिहितेय. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, कारण तुमच्या गुडघ्यात आत काय काय केलंय ते त्यांनी स्वतः बघितलेलं असतं.

डॉक्टर म्हणाले ऑपरेशन मस्त झालं. मग आता फक्त वेळ जाऊ द्यायचा ना?

नाही, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. ऑपरेशन मस्त झालं याचा अर्थ ग्राफ्ट योग्य जागी, योग्य ताणात बसलाय. आता तो ग्राफ्ट मुळात लिगामेंट नसतोच, तो बहुतेक वेळा तुमच्याच शरीरातला दुसरीकडचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) असतो, आणि त्याचं लिगामेंट व्हायला शरीराला बराच काळ लागतो. बसवल्यावर आधी त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आतल्या बऱ्याच पेशी मरतात, मग हळूहळू नवीन रक्तवाहिन्या आत शिरतात, नवीन पेशी येतात, धागे परत रचले जातात. या सगळ्यात साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान ग्राफ्ट बऱ्यापैकी कमजोर असतो. आणि गंमत नाही हो, नेमकं याच काळात दुखणं कमी झालेलं असतं, चाल सुधारलेली असते, माणसाला वाटतं झालं बरं, आणि तो पळत बस पकडायला जातो किंवा पायऱ्या दोन दोन उतरतो. पूर्ण रचना बदलायला वर्ष ते दोन वर्ष जातात. बाहेरून ते काहीच दिसत नाही, जाणवतही नाही.

त्यामुळे "दुखत नाही" याला बरं झाल्याची खूण धरू नका. दुखणं थांबणं ही खूप लवकर येणारी गोष्ट आहे.

मग नक्की किती महिने? कोणी सहा म्हणतं, कोणी नऊ, कोणी वर्ष

रोजचं चालणं, ऑफिस, जिना यासाठी काही आठवडे ते दोन-तीन महिने पुरतात. साधं सरळ पळणं बहुतेकांना तीन-चार महिन्यांच्या पुढे, तेही सूज नसेल आणि ताकद आली असेल तरच. पण फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन असे अचानक थांबून वळायचे, उडी मारून उतरायचे खेळ, त्यांच्यासाठी कमीत कमी नऊ महिने धरा.

हा नऊ आकडा कुठून आला ते सांगते, कारण नुसतं "थांबा" म्हटलं की कोणी ऐकत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून असे साधारण शंभर पेशंट दोन वर्ष बघितले, २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्याला गुडघ्याला परत दुखापत व्हायची शक्यता जवळपास निम्म्याने कमी होत गेली. दर महिन्याला! नऊच्या पुढे मात्र नुसतं थांबून तसा फायदा दिसला नाही. आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, की ज्यांनी ताकदीच्या आणि उड्यांच्या टेस्ट पास न करता खेळ सुरू केला त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना परत दुखापत झाली आणि ज्यांनी पास केल्या त्यांच्यात ते प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली होतं. पेशंट कमी होते हे मान्य, पण फरक इतका मोठा आहे की दुर्लक्ष करता येत नाही.

म्हणजे कॅलेंडर आणि टेस्ट दोन्ही लागतात. नऊ महिने झाले पण मांडीत ताकद नाही, तर थांबायचं. ताकद सहाव्या महिन्यातच आली, तरीही थांबायचं, कारण आतला ग्राफ्ट तुमच्या मेहनतीने घाई करत नाही.

या टेस्ट म्हणजे काय असतं? एमआरआय काढला तर कळणार नाही का?

एमआरआयवरून ग्राफ्ट अखंड आहे का, गादी (मेनिस्कस, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली धक्का झेलणारी चकती) ठीक आहे का ते कळतं, पण तुम्ही उडी मारून उतरल्यावर गुडघा आत झुकतो का ते एमआरआय सांगू शकत नाही. त्यासाठी मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद मशीनवर मोजतात. मग एका पायावरच्या उड्यांच्या टेस्ट, म्हणजे एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या इकडून तिकडे तीन उड्या आणि सहा मीटर अंतर लंगडी घालत किती सेकंदात जाता ते. ऑपरेशनच्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के केलं पाहिजे असा साधारण नियम आहे.

यात एक फसवणूक होते ती लक्षात ठेवा. वर्षभर कमी हालचालीमुळे तुमचा चांगला पायही कमजोर झालेला असतो, मग कमजोर पायाशी तुलना करून ९५ टक्के आले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच चांगल्या पायाची ताकद मोजून ठेवायची, म्हणजे नंतर खरी तुलना होते. आणि अजून एक, लांब उडी मारायला खुबा आणि घोटा मदत करून जातात, त्यामुळे उडीचं अंतर छान येतं पण मांडी कमजोरच राहते असं खूपदा बघितलंय. म्हणून फक्त उड्यांवर पास करू नये, ताकद वेगळी मोजलीच पाहिजे. मशीन नसेल तर हातात धरायचं ताकद मोजायचं छोटं यंत्र असतं, तेही नसेल तर जिमच्या लेग एक्स्टेंशनवर एका पायाने किती वजन किती वेळा उचलता येतं हे दोन्ही पायांचं बघून अंदाज येतो.

पाच महिने झाले, रोज व्यायाम करतोय तरी मांडी बारीकच आहे. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

गुडघ्याला दुखापत झाली, आत सूज आली की मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मांडीच्या पुढच्या स्नायूला, ज्याला आपण क्वाड्स म्हणतो, आपोआप ब्रेक लावतात. तुम्ही कितीही जोर लावायचं ठरवलं तरी स्नायू पूर्ण आवळला जात नाही. थोडीशी सूजसुद्धा याला पुरते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरवणं आणि क्वाड्सला परत "जागं" करणं हे सगळ्यात मोठं काम, त्यासाठी बर्फ, पाय उंच ठेवणं, गुडघा सरळ ठेवून मांडी आवळणं आणि बऱ्याचदा करंटचं मशीन लावून स्नायू आवळायला लावणं. करंटचं मशीन म्हणजे नुसतं दुखणं कमी करायचं मशीन असं समजू नका, क्वाड्ससाठी लावलेलं वेगळं असतं आणि ते चांगलंच जोरात आवळतं.

दुसरं कारण म्हणजे व्यायाम होतोय पण वजन वाढत नाहीये. पहिल्या महिन्यात दिलेला पाय उचलायचा व्यायाम पाचव्या महिन्यातही शंभर-शंभर वेळा चालू असतो, आणि पेशंट प्रामाणिकपणे म्हणतो की मॅडम रोज करतोय. करताय हो, पण स्नायू वाढायला त्याला जड जायला पाहिजे! आठ-दहा वेळा केल्यावर अजून दोन-तीनच वेळा जमेल असं वाटलं पाहिजे इतकं वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि वजन हळूहळू वाढवत जायचं. स्क्वॉट, लेग प्रेस, एका पायावर पायरी चढणं-उतरणं, आणि बसून पाय सरळ करायचं लेग एक्स्टेंशन. या शेवटच्याला लोक फार घाबरतात, ग्राफ्ट ताणला जाईल म्हणून. सुरुवातीच्या काळात ते ठराविक कोनातच, कमी वजनावर करायचं असतं हे खरं, पण पुढे ते कायमचं टाळलं तर क्वाड्स मागेच राहतात, कारण स्क्वॉटमध्ये शरीर चलाखीने वजन चांगल्या पायावर आणि खुब्यावर ढकलतं. कधी सुरू करायचं ते तुमच्या ग्राफ्टवर अवलंबून आहे, फिजिओला विचारा, पण विचारा नक्की.

क्वाड्सचं इतकं का लावून धरलंय, तर पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर येतात. चालताना, उतरताना बसणारा धक्का हाच स्नायू झेलतो. तो कमजोर असेल तर परत दुखापत जास्त, वाटीच्या मागे दुखणं जास्त आणि पुढे झीज व्हायची शक्यताही जास्त.

पाय थोडासाच वाकडा राहतोय, पूर्ण सरळ होत नाही. पण चालता येतंय, चालेल का?

नाही चालणार. वाकणं थोडं कमी राहिलं तर माणूस निभावून नेतो, पण सरळ होणं चार-पाच अंश जरी कमी राहिलं तरी प्रत्येक पावलाला गुडघा किंचित वाकलेला राहतो, क्वाड्सला क्षणभर विश्रांती मिळत नाही, वाटीवर दाब राहतो, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की गुडघा पुढून दुखायला लागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून गुडघ्याच्या खाली उशी घेऊन झोपायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली जाईल. पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडणं हाही सोपा उपाय.

दोन-तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही शेवटचे काही अंश येत नसतील आणि सरळ करताना पुढे काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल तर सर्जनला दाखवा. ग्राफ्टच्या पुढे कधी कधी एक मांसल गाठ तयार होते, तिला सायक्लोप्स म्हणतात, ती दूरबिणीतून छोटं ऑपरेशन करून काढता येते आणि पाय सरळ होतो. कुठलाही व्यायाम ती गाठ विरघळवत नाही, त्यामुळे उगाच जोर करून गुडघा सुजवत बसू नका. काही जणांचा गुडघा मात्र सगळीकडूनच आखडतो, आत जखमेचे तंतू जास्त वाढतात. ऑपरेशनच्या वेळी गुडघा सुजलेला आणि आधीच आखडलेला असेल तर हे जास्त होतं.

ऑपरेशन लगेच करावं की थांबावं? उशीर झाला तर पुढे त्रास होतो का?

वरच्या उत्तराशीच जोडलेलं आहे हे. गरम, सुजलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं की आखडण्याचा धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन आधी काही आठवडे फिजिओ करून या म्हणतात. सूज उतरलेली, पाय पूर्ण सरळ, चाल नीट, क्वाड्स आवळता येतायत, असा गुडघा घेऊन ऑपरेशनला जायचं. हे आधीचे आठवडे वाया जात नाहीत, ज्यांची क्वाड्सची ताकद ऑपरेशनआधी चांगल्या पायापेक्षा २० टक्क्यांहून जास्त मागे होती ते दोन वर्षांनीसुद्धा मागेच राहिलेले दिसलेत.

उलट बाजू अशी की गुडघा सारखा निसटत असेल, चालता चालता दगा देत असेल आणि तसेच महिनोन् महिने काढले तर दर निसटण्यात आतली गादी आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) फाटत जाते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या माणसांचे दोन गट केले, एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी नीट फिजिओ आणि लागलं तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यात मोठा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नाही. अर्थात गुडघा निसटत असेल, गादी शिवायची असेल किंवा वळायचे खेळ परत खेळायचेच असतील तर ऑपरेशनचं पारडं जड होतं.

ग्राफ्ट कुठून घेतला त्याने पुढे फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तितका नाही. मांडीच्या मागून घेतलेला हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर पुढून दुखणं कमी राहतं, पण गुडघा खूप वाकवून मागे खेचायची ताकद कमी राहू शकते, म्हणून हॅमस्ट्रिंगचे व्यायाम वेगळे करावे लागतात, आणि ते लोक विसरतात. वाटीखालचा पट्टा हाडासकट घेतला असेल तर तो हाडात लवकर आणि घट्ट जुळतो, परत तुटायचं प्रमाण थोडं कमी दिसतं, पण गुडघे टेकून बसताना दुखणं बऱ्याच जणांचं राहतं. तिसरा म्हणजे वाटीच्या वरचा क्वाड्सचा टेंडन, त्यात पाय सरळ करायची ताकद सुरुवातीला जास्त मागे पडते.

दुसऱ्याच्या शरीरातून, म्हणजे मृत दात्याकडून घेतलेला ग्राफ्ट हा मात्र वेगळा विषय. वयाने मोठ्या, कमी धावपळीच्या माणसांत तो ठीक चालतो, पण शाळा-कॉलेजच्या वयातल्या खेळाडूंमध्ये तो परत तुटायचं प्रमाण स्वतःच्या ग्राफ्टच्या कितीतरी पट आहे. तरुण खेळाडू असाल तर सर्जनशी यावर मोकळेपणाने बोला.

माझी गादी पण शिवलीये. त्यामुळे मागे पडेन का?

पहिले काही आठवडे हो. शिवलेल्या गादीला जुळायला वेळ द्यावा लागतो म्हणून बऱ्याचदा चार ते सहा आठवडे वजन कमी टाकायचं, गुडघा ९० अंशाच्या पुढे वाकवायचा नाही, आणि पुढेही तीन-चार महिने वजन घेऊन उकिडवं बसायचं नाही असं सांगतात. शेजारच्या बेडवरचा दुसऱ्या आठवड्यात बिनकुबडीचा चालतोय आणि मी नाही, म्हणून खट्टू होणारे पेशंट मी बघते, त्यांना सांगावंसं वाटतं की लांबच्या हिशोबात फायद्यात तुम्हीच आहात. गादी हा गुडघ्यातला धक्का झेलणारा आणि वजन पसरवणारा भाग आहे, ती कापून काढण्यापेक्षा शिवून वाचवली तर वीस वर्षांनी गुडघा त्याची परतफेड करतो.

वयाचा काय संबंध? मुलगा सतरा वर्षांचा आहे, तरुण आहे म्हणून लवकर बरा होईल ना?

जखम लवकर भरेल, पण परत दुखापत व्हायचा धोका सगळ्यात जास्त याच वयात आहे आणि पालकांनी हे वाचावंच. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा सगळ्या वयांचे मिळून साधारण १५ टक्के लोकांचं परत एसीएल तुटलं, पण २५ वर्षांखालच्या आणि परत खेळात गेलेल्यांमध्ये ते २३ टक्के होतं, म्हणजे जवळपास चारातला एक. आणि यातल्या निम्म्या दुखापती ऑपरेशन झालेल्या गुडघ्याच्या नसून दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याच्या असतात!

कारणं सरळ आहेत. या वयात खेळ जास्त, वेग जास्त, टीममध्ये जागा जाईल ही भीती, आणि दुखत नसलं की थांबायची तयारी नसते. वर सिलेक्शनची तारीख आलेली असते आणि कोच विचारतो कधी येणार. माझी कळकळीची विनंती आहे, सतरा वर्षांच्या मुलाच्या एका सीझनसाठी त्याचा गुडघा पणाला लावू नका. एक सीझन गेला तर परत येतो, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेला गुडघा पहिल्यासारखा होणं फार अवघड असतं.

चाळिशीच्या पुढच्यांना एवढंच, की वय झालं म्हणून ऑपरेशन बिघडतं असं काही नाही. ताकद यायला थोडा जास्त वेळ लागतो, बाकी नियम तेच.

सगळं नीट करूनही ग्राफ्ट तुटू शकतो का?

हो, आणि त्यात पेशंटची चूक असतेच असं नाही. ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेली भोकं थोडी चुकीच्या जागी पडली असतील तर ग्राफ्टवर कायम चुकीचा ताण येतो, परत ऑपरेशन कराव्या लागलेल्या गुडघ्यांत हे कारण खूपदा सापडतं. काहींच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागे जास्तच उतरता असतो, त्यामुळे हाड सतत पुढे घसरू बघतं. काहींचे सांधेच सैल असतात, गुडघा उलटा मागे जातो, कोपर मागे वळतं. तुमचं तसं असेल तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनच्या लक्षात आणून द्या.

अशा जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये हल्ली गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा पट्टा घट्ट करतात. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, १४ ते २५ वयाच्या आणि हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट घातलेल्या ६१८ जणांमध्ये, नुसत्या एसीएलच्या गटात ११ टक्के ग्राफ्ट दोन वर्षांत तुटले आणि जादा पट्टा घातलेल्यांत ४ टक्के. सगळ्यांना लागत नाही, पण विचारून घ्यायला हरकत नाही.

टेस्ट पास झाल्या, डॉक्टर हो म्हणाले, तरी मैदानावर जायची भीती वाटते

यात लाजण्यासारखं काहीही नाही. जगभरातले आकडे बघितले तर ऑपरेशननंतर साधारण ८१ टक्के लोक कुठला ना कुठला खेळ परत खेळतात, पण आधीच्याच लेव्हलला ६५ टक्के आणि स्पर्धेत फक्त ५५ टक्के. आणि न परतणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा गुडघा शरीराच्या हिशोबाने ठीक असतो, अडतं ते मनात. मोजायलासुद्धा १२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचं नाव एसीएल-आरएसआय, त्यात भीती, विश्वास, धोक्याचा अंदाज असे प्रश्न असतात. मी ती साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मधून मधून भरून घेते, म्हणजे शेवटी अचानक कळत नाही की माणूस आतून तयारच नाही.

नुसतं "घाबरू नकोस" म्हणून भीती जात नाही. पायरीपायरीने जाते. आधी ज्या हालचालीत पाय मोडला तीच हालचाल हळू, मग थोडी वेगात, मग बॉल घेऊन, मग समोर कोणीतरी अडवायला, मग टीमबरोबर प्रॅक्टिस पण धक्काबुक्की नाही, मग पूर्ण प्रॅक्टिस, आणि मॅच सगळ्यात शेवटी, तीही सुरुवातीला थोडा वेळच. झोप उडत असेल, पडल्याचा क्षण सारखा डोळ्यासमोर येत असेल तर मानसोपचार तज्ज्ञाची मदत घ्या, तोही रिहॅबचाच भाग आहे. आणि कोणी विचार करून तो खेळ सोडायचं ठरवलं तर तेही योग्यच, त्याला अपयश म्हणू नका.

ब्रेस किती दिवस घालायचा? खेळताना घातला तर ग्राफ्ट वाचतो का?

सुरुवातीला सर्जन सांगतील तितके दिवस, गादी शिवली असेल तर जास्त. पुढे खेळताना ब्रेस घातल्याने परत तुटायचं प्रमाण कमी होतं असं ठोस दिसलेलं नाही. धीर येत असेल तर घाला, पण ब्रेस आहे म्हणून व्यायाम कमी केला असं करू नका.

वजन, सिगारेट, झोप याने खरंच फरक पडतो का?

पडतो. सिगारेट आणि तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टला तर नवीन रक्तवाहिन्यांचीच गरज असते, सिगारेट ओढणाऱ्यांचे निकाल बहुतेक अभ्यासांत कमी दिसतात. वजन जास्त असेल तर प्रत्येक पावलाचा भार वाढतो आणि झीज लवकर येते. डायबेटिस असेल तर साखर ताब्यात ठेवा, इन्फेक्शनचा धोका त्याने वाढतो. प्रोटीन पुरेसं आणि झोप पूर्ण, नाहीतर जिममध्ये केलेली मेहनत स्नायूत उतरत नाही.

पुढे जाऊन गुडघ्याची झीज होणारच का? ऑपरेशन केलंय म्हणजे वाचलो ना?

इथे खरं सांगणं भाग आहे. ऑपरेशनने गुडघा स्थिर होतो, पण झीज नक्की टळते असं नाही. दुखापतीच्या त्या एका क्षणातच कूर्चेला आणि हाडाला मार बसलेला असतो, एमआरआयमध्ये हाडावर जो डाग दिसतो तो त्याचाच. दहा वर्षांहून जास्त काळ बघितलेल्या चांगल्या अभ्यासांचा २००९ मध्ये एकत्र आढावा घेतला होता, त्यात फक्त एसीएल तुटलेल्यांमध्ये एक्सरेवर झीज ० ते १३ टक्के लोकांत होती आणि सोबत गादीही फाटलेली असेल तर २१ ते ४८ टक्के. म्हणजे गादी वाचणं किती मोलाचं आहे बघा. एक्सरेवर झीज दिसणाऱ्या प्रत्येकाला दुखतंच असंही नाही.

तुमच्या हातात जे आहे ते असं: वजन आटोक्यात, क्वाड्स आणि खुब्याचे स्नायू कायम मजबूत, दुसरी दुखापत टाळणं, आणि सूज येत असेल तर दुर्लक्ष न करणं. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला एवढाच अर्थ, तो कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.

आवाज येतो, बाजूला बधिर आहे, आत स्क्रू आहे. काळजी करू का?

दुखत नसेल आणि सूज नसेल तर आवाजाची काळजी नको. नडगीच्या वरच्या बाजूला बाहेरून बधिर वाटणं खूप जणांना होतं, तिथे त्वचेची बारीक नस कापली जाते, भाग हळूहळू लहान होत जातो, थोडा कायमही राहू शकतो, ताकदीवर काही परिणाम नाही. ग्राफ्ट धरून ठेवणारा स्क्रू किंवा बटण त्रास देत नसेल तर काढायची गरज नसते.

वर्ष झालं, मी खेळतोय. आता व्यायाम बंद केला तर चालेल?

दुसऱ्यांदा होणाऱ्या दुखापतींचा मोठा भाग खेळात परतल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो, तेव्हा नेमकं याच वेळी बंद करू नका. आठवड्यातून दोनदा पायांची ताकद, दोन्ही पायांची, आणि प्रत्येक खेळाच्या आधी नीट वॉर्मअप. फिफाचा ११ प्लस नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्यात पळणं, तोल, उडी मारून मऊ उतरणं, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम सगळं येतं, बॉल सोडला तर फारसं साधन लागत नाही. अशा कार्यक्रमांनी एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, पण नियमित केले तरच. मुलींनी तर हे सोडूच नये, कारण त्याच खेळात मुलींचं एसीएल तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा दोन-तीन पट असतं.

कधी वाट न बघता डॉक्टरकडे जायचं?

पहिल्या काही आठवड्यांत ताप, गुडघा लाल-गरम, जखमेतून पाणी किंवा पू आला तर त्याच दिवशी. पोटरी एका बाजूची सुजली, दाबल्यावर दुखतेय तर त्याच दिवशी, आणि त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच इमर्जन्सीला, कारण रक्ताची गुठळी असू शकते. पुढे कधीही गुडघ्यात "टक" असा आवाज येऊन काही तासांत मोठी सूज आली, गुडघा निसटायला लागला किंवा मध्येच अडकून सरळच होईना, तर चार दिवस बघू असं म्हणू नका, तपासून घ्या. नवीन फाटलेली गादी लवकर सापडली तर ती शिवता येण्याची शक्यता जास्त असते.